ग्रेस हॉपर आणि निरंक पत्ता

पुण्याकडून मुंबईस जाणारी आगगाडी खंडाळा सोडून बोरघाट उतरू लागली, की खाली कर्जत आणि खालापूर ह्या तालुक्यांचा हिरवा मुलूख पसरलेला दिसतो. हा लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. त्याचा उतार काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. वर चढणाऱ्या गाडीस कर्जत येथे जादा एंजिने जोडावी लागतात, हे त्या भागातील लहान मुलेही जाणतात. उतरणाऱ्या गाडीसाठी केलेली योजना मात्र प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही. घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गापासून एक आडमार्ग फुटतो, डोंगराच्या चढणीवर जातो आणि तेथेच संपतो. रुळांचा सांधा एरवी ह्या आडमार्गाकडेच वळविलेला असतो. गाडी सांध्याच्या अलीकडे येऊन पूर्णपणे थांबली, म्हणजे ती चालकाच्या ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. जिचे ब्रेक निकामी झाले असतील ती गाडी थांबणार नाही. ती आडमार्गाच्या चढावर जाईल आणि तिचा वेग तेथे ओसरेल. गाडी धड आहे असे गृहीत न धरता, ती धड असल्याचे तिच्याकडूनच सिद्ध करून घ्यावयाचे, हे ह्या योजनेचे मर्म होय.

संगणकास दिलेल्या आज्ञाही अशाच उतारावरून धावतात. एकदा त्या सुटल्या, की एका सेकंदात कोट्यवधी पार पडतात. त्यांतली एखादी आज्ञा भलत्याच पत्त्यावर गेली, तर मध्ये हात घालून तिला थांबविण्यास माणसाला अवसर नसतो. म्हणून आज्ञा यंत्रात सुटण्यापूर्वीच त्यांची जुळणी आणि पारख करणारी एक निराळी आज्ञावली तयार केलेली असते. तिला संकलक, आणि नित्याच्या बोलण्यात कंपायलर, असे म्हणतात. आज्ञा जुळविण्याचे काम यंत्राकडे सोपविता येईल, यावर ज्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता, त्या काळी ते करून दाखविणाऱ्या विदुषी म्हणजे ग्रेस हॉपर.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. तिचे माहेरचे आडनाव मरे. वडील विम्याचा व्यवसाय करीत. आईचे वडील न्यूयॉर्क शहराच्या सेवेत स्थापत्य अभियंता होते. ते रस्त्यांची मोजणी करावयास निघाले, की लहानगी ग्रेस मोजणीची रंगीत काठी हातात धरून त्यांच्याबरोबर उभी राही. घरातल्या वस्तू उघडून त्यांच्या पोटात काय आहे ते पाहण्याची तिला भारी हौस. सात वर्षांची असताना तिने उन्हाळ्याच्या सुट्टीतील घरी एक गजराचे घड्याळ खोलले. ते पुन्हा जोडता येईना, तेव्हा कसे जोडावे हे पाहण्यासाठी दुसरे खोलले, मग तिसरे. अशी सात घड्याळे सुटी होऊन पडल्यावर आईच्या लक्षात हा उद्योग आला. आईने तिला मारले नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावा, एवढीच अट घातली.

वडिलांना रक्तवाहिन्यांचा विकार जडला आणि त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरीही ते लाकडी पायांवर, काठ्यांच्या आधाराने कामावर जात. आपल्यामागे मुली परावलंबी होऊ नयेत, मुलाला जे शिक्षण मिळेल तेच मुलींनाही मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. ग्रेसचा पहिला प्रयत्न मात्र फसला. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लॅटिन भाषेची परीक्षा द्यावी लागे. तीत ती अनुत्तीर्ण झाली आणि तिला एक वर्ष थांबावे लागले. १९२४ साली तिने व्हासार महाविद्यालयात प्रवेश घेतला, १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ती पदवीधर झाली आणि येल विद्यापीठातून तिने १९३४ साली गणितातील डॉक्टरेट संपादन केली. मध्यंतरी, १९३० साली, व्हिन्सेंट हॉपर ह्या प्राध्यापकांशी तिचा विवाह झाला. तो पुढे टिकला नाही. परंतु हॉपर हे नाव तिने अखेरपर्यंत लाविले.

१९३१ पासून हॉपरबाई व्हासारमध्येच गणित शिकवू लागल्या. संभाव्यतेचा विषय शिकविताना त्या आरंभीच विद्यार्थिनींना एका सूत्रावर निबंध लिहावयास सांगत आणि त्यातील भाषेच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून परत देत. आपण गणित शिकावयास आलो आहोत, भाषा नव्हे, अशी कुरकुर विद्यार्थिनी करीत. जे दुसऱ्याला समजावून देता येत नाही ते गणित व्यर्थ, असे बाईंचे उत्तर असे. संगणकाशी माणसाने कोणत्या भाषेत बोलावे ह्या प्रश्नाने त्यांना पुढे जो ध्यास लावला, त्याचे बीज बहुधा ह्या तांबड्या शाईत असावे.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते. आपणही नौदलात जावे असे त्यांनी ठरविले. पण वय अधिक, वजन आवश्यकतेपेक्षा १५ पौंड कमी, शिवाय गणिताच्या प्राध्यापिकेने वर्गातच राहणे देशाच्या हिताचे, असे वरिष्ठांचे मत. त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर डिसेंबर १९४३ मध्ये त्यांना नौदलाच्या राखीव दलात प्रवेश मिळाला. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन ह्यांच्या हाताखाली झाली.

तेथे मार्क-एक नावाचे अजस्र गणकयंत्र बसविलेले होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट. ते एका सेकंदात तीन बेरजा करी आणि एका गुणाकारास त्यास सुमारे सहा सेकंद लागत. आजच्या मानाने ही गती हास्यास्पद वाटेल. त्या वेळी ती एका मोठ्या कचेरीतील सर्व कारकुनांना मागे टाकणारी होती. आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून द्याव्या लागत. युद्धकार्यासाठी यंत्र रात्रंदिवस चाले. एकेन स्वभावाने करडे. ह्या यंत्राचे मार्गदर्शक पुस्तक लिहावयाचे काम त्यांनी हॉपरबाईंवर टाकले, आणि ५०० हून अधिक पृष्ठांचा तो ग्रंथ त्यांनी पुरा केला.

ह्याच काळातील एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-दोन ह्या यंत्राच्या एका विद्युत्-कळीत अडकलेला पतंग सापडला. कामगारांनी तो चिमट्याने काढून रोजनिशीच्या पानावर चिकटविला. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत तेथूनच पडली, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते खरे नव्हे. तो शब्द यंत्रज्ञांच्या बोलण्यात त्यापूर्वी कित्येक वर्षे रूढ होता. पतंगही हॉपरबाईंनी स्वतः शोधला नव्हता. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, इतकेच. ज्या दोषांनी त्यांना खरोखर छळले, ते चिमट्यात सापडण्यासारखे नव्हते.

हे दोष होते आकड्यांचे. एखादे उपयुक्त गणित एकदा यंत्राकडून बिनचूक करवून घेतले, की त्याच्या आज्ञा वहीत उतरवून ठेवण्याची रीत हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी पाळीत. पुन्हा तसे गणित आले, की मित्राची वही मागून घ्यावयाची आणि तेवढा तुकडा नकलून आपल्या आज्ञावलीत बसवावयाचा. येथे दोन विघ्ने येत. एक तर नक्कल करताना माणूस चुकतो. रोमन लिपीतील बी ह्या अक्षराचा घाईत १३ होई, चाराच्या आकड्याचे दुसरेच चिन्ह होई. दुसरे विघ्न अधिक खोल होते, आणि ते समजून घेण्यासाठी संगणकाच्या स्मृतीची रचना पाहिली पाहिजे.

संगणकाची स्मृती म्हणजे एका ओळीत मांडलेल्या खणांची रांग. प्रत्येक खणास एक क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. अमुक खणातील संख्या तमुक खणातील संख्येत मिळव, किंवा आता अमुक खणातील आज्ञेकडे जा, अशाच स्वरूपाच्या आज्ञा यंत्रास कळतात. वहीतला प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकापासून सुरू केलेला असे. एखाद्या वाडीतील वीस घरांना ० ते १९ असे क्रमांक आहेत आणि ती वाडी उचलून मोठ्या गावात नेली, जेथे पहिली ३४० घरे आधीच वसलेली आहेत, अशी कल्पना करावी. आता वाडीतल्या प्रत्येक घराचा क्रमांक ३४० ने वाढवावयास हवा. एवढेच नव्हे, तर सात क्रमांकाच्या घरी जा असे जेथे जेथे लिहिले असेल, तेथे तेथे ३४७ लिहावयास हवे. एक ठिकाण राहिले, किंवा एक बेरीज चुकली, तर निरोप घेऊन निघालेला माणूस परक्याच घरात शिरतो. गंमत अशी, की यंत्र कुरकुर करीत नाही. मिळेल त्या खणातले जे असेल ते उचलून ते पुढचे गणित करीत राहते, आणि चूक पुष्कळ वेळाने, पुष्कळ दूर, भलत्याच उत्तराच्या रूपाने उघडी पडते.

१९४९ साली हॉपरबाई हार्वर्ड सोडून फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉक्ली कंपनीत ज्येष्ठ गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. पुढच्याच वर्षी ती कंपनी रेमिंग्टन रँड ह्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. तेथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. पहिला युनिव्हॅक १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्यास मिळाला. त्याच्या स्मृतीत एक हजार खण होते. वह्या आणि चुका येथेही त्याच. तेव्हा बाईंच्या मनात आले, की नक्कल करणे आणि बेरीज करणे ह्या दोन्ही गोष्टींत माणूस कच्चा आहे, आणि यंत्र नेमके ह्याच दोन गोष्टींत तरबेज आहे. मग हे काम यंत्रानेच का करू नये?

त्यांनी उपयुक्त तुकड्यांचा एक संग्रह चुंबकीय फितीवर तयार केला आणि प्रत्येक तुकड्यास ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे एक खूण दिली. गणित करू इच्छिणाऱ्याने फक्त खुणांची यादी द्यावयाची. यंत्र संग्रहातून एकेक तुकडा काढून घेई, त्याच्या पत्त्यांत योग्य ती बेरीज करी, आणि सर्व तुकडे एकापुढे एक जोडून अखंड आज्ञावली तयार करी. विखुरलेले लेख गोळा करून ग्रंथ सिद्ध करणाऱ्यास संकलक म्हणतात. त्याच अर्थाने बाईंनी आपल्या ह्या आज्ञावलीस संकलक म्हटले. तिचे नाव ए-शून्य. १९५२ सालच्या मे महिन्यात पिट्सबर्ग येथील संगणकतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी तिच्याविषयी निबंध वाचला. आज ज्याला संकलक म्हणतात त्याच्या मानाने ए-शून्य साधी होती. ती भाषेचे भाषांतर करीत नसे, जुळणी करी. पण पत्त्यांचा हिशोब माणसाच्या हातून काढून घेण्याच्या दिशेने तिने एक मोठे पाऊल टाकले.

ह्या कामात एक पेच आला. मागच्या तुकड्याकडे जावयाचे असेल तर अडचण नव्हती, कारण तो कोठे बसविला हे यंत्रास ठाऊक असे. परंतु अजून न बसविलेल्या, पुढे येणाऱ्या तुकड्याकडे जावयाचे असेल तर? त्याचा पत्ता त्या क्षणी अस्तित्वातच नाही. जागा कोरी ठेवावी तर यंत्र कोऱ्या जागेलाही पत्ता समजून तिकडे धावणार. हॉपरबाईंना आपल्या महाविद्यालयातील बास्केटबॉल आठवला. त्या काळी मुलींच्या खेळात चेंडू आपटीत पुढे नेण्यास मनाई होती. तो जोडीदारणीकडे फेकावयाचा, पुढे धावावयाचे आणि मग परत घ्यावयाचा. तीच युक्ती त्यांनी येथे योजिली. स्मृतीच्या शेवटी थोडी जागा राखून तिला त्यांनी तटस्थ कोपरा असे नाव दिले. पुढच्या अज्ञात तुकड्याकडे जाणारी आज्ञा तूर्त ह्या कोपऱ्यातील एका ठरावीक खणाकडे वळवावयाची आणि तेथे निरोप असल्याची खूण करून ठेवावयाची. पुढे तो तुकडा आपल्या जागी बसला, की त्याने आपल्यासाठी निरोप आहे का ते पाहावयाचे, आणि असल्यास कोपऱ्यातून आपल्याकडे येणारी वाट लिहून द्यावयाची. पत्ता नाही ही गोष्ट लपवून न ठेवता, ती सर्वांना दिसेल अशा जागी नोंदवून ठेवण्याची ही रीत होती.

आश्चर्य असे, की चालणारा संकलक हाती असूनही त्यास हात लावावयास कोणी तयार होईना. संगणक फक्त अंकगणित करतो, तो आज्ञावली लिहू शकत नाही, अशी पक्की समजूत सर्वत्र होती. काही जाणकारांना आपल्या विद्येचे महत्त्व कमी होईल अशीही धास्ती असावी. बाईंनी पुढची सुधारलेली आवृत्ती, ए-दोन, १९५३ साली तयार करून ग्राहकांस दिली आणि व्याख्याने देत त्या गावोगाव हिंडल्या. त्यांचे पुढचे म्हणणे तर याहूनही धाडसाचे होते. व्यापारी कचेरीतील माणसांना चिन्हे रुचत नाहीत. त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता याव्यात, असे त्या म्हणू लागल्या. हे दाखविण्यासाठी त्यांनी एक छोटी आज्ञावली इंग्रजीत चालवून दाखविली, आणि मग उत्साहाच्या भरात तीच फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखविली. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे केवळ खुणा. मराठी शब्द दिले असते तरी चालले असते. परंतु कंपनीचे अधिकारी हबकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, हा त्यांचा प्रश्न होता. काम इंग्रजीपुरतेच ठेवू असे आश्वासन दिल्यावर प्रकरण मिटले.

ह्या खटाटोपातून फ्लो-मॅटिक ही भाषा निघाली. १९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने व्यापारी कामासाठी एक सामायिक भाषा ठरविण्यात आली, ती कोबोल. ती अनेकांच्या परिश्रमांचे फळ होय. परंतु तिचा पाया फ्लो-मॅटिकवर रचलेला होता आणि हॉपरबाई सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच आज्ञावली दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला.

संकलक आता सर्वत्र मान्य झाला; पण निरंक पत्त्याचा प्रश्न संपला नाही, तो नव्या रूपाने उभा राहिला. खणात कधी प्रत्यक्ष माहिती न ठेवता, ती माहिती ज्या खणात आहे त्याचा पत्ता ठेवणे सोयीचे असते. अशा ठेवलेल्या पत्त्यास दर्शक, किंवा पॉइंटर, म्हणतात. कधी कधी दाखविण्यासारखे काहीच नसते. यादीतील शेवटच्या नावापुढे दुसरे नाव नसते. मग त्याच्या दर्शकात काय लिहावे? सरकारी तक्त्यात जेथे भरण्यासारखे काही नसते तेथे निरंक असे लिहितात. १९६५ साली टोनी होअर ह्या इंग्रज संगणकशास्त्रज्ञांनी आल्गॉल-डब्ल्यू भाषेची आखणी करताना दर्शकांनाही अशी निरंक किंमत घेण्याची मुभा दिली. ते करणे अगदी सोपे होते, म्हणून केले, अशी कबुली त्यांनीच २००९ साली दिली, आणि ह्या एका चुकीने जगाचे शंभर कोटी डॉलरांचे नुकसान झाले असावे असा अंदाजही बोलून दाखविला.

चूक कशी, ते पाहण्यासारखे आहे. खालापूरच्या टपालघरात पत्त्याची जागा कोरी असलेले पाकीट आले, तर पोस्टमन ते पिशवीत घालून रानोमाळ हिंडत नाही. ते बाजूस काढतो. संगणकास हा विवेक नाही. निरंक म्हणजे त्याच्या लेखी एक आकडाच, आणि तो बहुधा शून्य. तो शून्य क्रमांकाच्या खणाकडे निघतो. म्हणून पुढे संगणकांच्या कारभाराची व्यवस्था अशी लावण्यात आली, की शून्यापासूनचे काही खण मुद्दामच कोणाला द्यावयाचे नाहीत. तेथे कोणी शिरू पाहिले, की आज्ञावली तत्काळ थांबविली जाते. जावा भाषेच्या संकलकांनी ह्या मोकळ्या जागेचा मोठ्या युक्तीने उपयोग करून घेतला: प्रत्येक दर्शकापूर्वी वेगळी तपासणी लिहून वेळ दवडावयाचा नाही, आज्ञा सरळ धावू द्यावयाची, आणि ती मोकळ्या जागेत जाऊन अडकली, की चूक कोणत्या ओळीत झाली ते सांगावयाचे. तरी हा बंदोबस्त गाडी सुटल्यानंतरचा. रुग्णाच्या शुश्रूषेत किंवा विमानात असलेले यंत्र एकाएकी थांबणे हेही काही लहान संकट नव्हे.

म्हणून अलीकडच्या स्विफ्ट, कोटलिन, रस्ट ह्या भाषांत निराळा मार्ग धरला आहे. जे निरंक असू शकेल आणि जे कधीच निरंक नसेल, अशा दोन वेगळ्या जाती त्यांत मानलेल्या आहेत. पहिल्या जातीच्या वस्तूस हात लावण्यापूर्वी ती निरंक नसल्याची खात्री करून घेतली आहे, असे आज्ञावलीत दिसले पाहिजे. न दिसल्यास संकलक ती आज्ञावली स्वीकारीतच नाही. सांधा आधीपासून आडमार्गाकडे लावून ठेवण्याचाच हा प्रकार होय.

सी ही जुनी आणि आजही सर्वत्र वापरली जाणारी भाषा मात्र उलट रीतीने चालते. निरंक दर्शक कोणी वापरणारच नाही, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे, आणि चतुर संकलक ह्या गृहीताचा पुरेपूर लाभ घेतो. त्याचा अनर्थ २००९ साली लिनक्स ह्या प्रसिद्ध प्रणालीत दिसून आला. तिच्या एका भागात आधी दर्शक वापरला होता आणि तो निरंक आहे का, ही तपासणी त्याच्या पुढच्या ओळीत लिहिली होती. विहिरीत उडी घेतल्यावर पाणी आहे का ते विचारावे, तशी ही गोष्ट. जीसीसी ह्या संकलकाने तर्क केला: ज्या अर्थी दर्शक वापरला आहे, त्या अर्थी तो निरंक नाही, मग पुढची तपासणी कशासाठी? आणि त्याने ती काढून टाकली. तर्कात खोट नव्हती. परंतु त्या वेळी शून्य क्रमांकाच्या मोकळ्या जागेत एखाद्या दुष्ट हेतूच्या माणसास स्वतःचे सामान आणून ठेवण्याचीही वाट सापडली होती. सापळा नाहीसा, तपासणीही नाहीशी. अशा रीतीने संगणकाचा संपूर्ण ताबा परक्याच्या हाती जाऊ शकत होता. मग ती तपासणी कधीही काढू नये अशी सूचना लिनक्सच्या जुळणीत संकलकास देण्यात आली. पुढची ओळ चुकीच्या जागी लिहिणारा माणूस, आणि त्याच्या चुकीवर विश्वास ठेवणारा संकलक, ह्यांत दोष अधिक कोणाचा, हा वाद जाणकारांत अजून रंगतो. याच जीसीसीचा अभ्यास करण्यासाठी पवई येथील आय.आय.टी.त एक केंद्रही उघडण्यात आले होते.

संकलक आज्ञावलीची पारख करतो. पण संकलकाची पारख कोणी करावयाची? लिनक्सच्या ह्या प्रसंगापूर्वी चार दशके हॉपरबाईंच्या वाट्यास हेच काम आले होते. १९६६ अखेर वयाच्या नियमानुसार नौदलाने त्यांना निवृत्त केले. तो दिवस आपल्या आयुष्यातील फार दुःखाचा होता असे त्या सांगत. पण पुढील वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना परत बोलाविणे आले. नौदलाच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक होते, प्रत्येकाचा कोबोल संकलक वेगळा, आणि एकच वाक्य एक संकलक एका अर्थाने तर दुसरा दुसऱ्या अर्थाने घेई. पगारपत्रके त्यामुळे अडत. सहा महिन्यांच्या बोलीवर आलेल्या बाईंनी आपल्या मदतनिसांसह कोबोल संकलकांसाठी परीक्षाच तयार केली. ठरावीक आज्ञावल्या संकलकास द्यावयाच्या आणि प्रमाण भाषेनुसार येणारे उत्तर तो देतो की नाही ते पाहावयाचे. जो संकलक नापास होईल, त्याच्या कर्त्यास दुरुस्ती करणे भाग पडे. लॅटिनमध्ये नापास झालेल्या विद्यार्थिनीने यंत्रांच्या भाषेसाठी परीक्षा काढावी, हा योग मोठा मौजेचा. सहा महिन्यांची बोली जवळजवळ एकोणीस वर्षे लांबली.

त्या काळात त्यांच्या कचेरीत भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ असे. नेहमी असेच करीत आलो, हे कारण कोणी पुढे केले, की त्या घड्याळाकडे बोट दाखवीत. तेही वेळ बरोबरच सांगत असे. व्याख्यानास जाताना त्या सुमारे फूटभर लांबीच्या तारांचे तुकडे बरोबर नेत आणि श्रोत्यांना वाटीत. सेकंदाच्या शंभर कोटाव्या भागात प्रकाश जेवढे अंतर कापतो, तेवढी त्या तारेची लांबी होती. उपग्रहामार्फत पाठविलेल्या संदेशास वेळ का लागतो असे विचारणाऱ्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनाही त्या तोच तुकडा देत. येथपासून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते त्यांनीच मोजावे.

१९७३ साली त्या कॅप्टन झाल्या आणि १९८५ साली रिअर अॅडमिरल. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात, कॉन्स्टिट्यूशन ह्या जुन्या युद्धनौकेवर, त्यांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हा त्यांचे वय ७९ वर्षांचे होते आणि सेवेत असलेल्या नौदल अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वृद्ध होत्या. त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत. एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्यांचा प्रवास आणि व्याख्याने चालूच राहिली. १ जानेवारी १९९२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले आणि तेथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा अंत्यविधी करण्यात आला. १९९७ साली अमेरिकेच्या नौदलात हॉपर ह्या नावाची विनाशिका दाखल झाली.